गप्पा वाढल्या, नोंदी आटल्या

१८८३ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांपैकी सहा युरोपीय होते, तर डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे महाराष्ट्रीय होते. निसर्गाचे निरीक्षण हा यांतील बहुतेकांच्या चरितार्थाचा व्यवसाय नव्हता. ती केवळ हौस होती. महिन्यातून एकदा जमावे, कोणी काय पाहिले ते सांगावे, मिळालेले नमुने एकमेकांना दाखवावेत, इतकाच प्रारंभीचा हेतू. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एक गप्पांचा गटच होता. परंतु या मंडळींनी केवळ गप्पांवर समाधान मानले नाही. १८८६ पासून त्यांनी आपले नियतकालिक सुरू केले आणि जे बैठकीत बोलले जाई ते कागदावर येऊ लागले. कोणा वन-अधिकाऱ्याने पाहिलेले घरटे, कोणा डॉक्टरला आढळलेला साप अशा लहानसहान टिपणांना त्यात मानाची जागा मिळाली. ती टिपणे आजही वाचावयास मिळतात. बैठकीतील संभाषण मात्र त्याच संध्याकाळी विरून गेले.

बोलण्याकडून नोंदीकडे जाण्यास त्या आठ जणांना तीन वर्षे लागली. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या हौशी मंडळींनी नेमका याच्या उलट प्रवास केला आहे. पक्षिनिरीक्षण असो, छायाचित्रण असो, बागकाम असो वा मोटारींचा नाद असो, या छंदांची जी जाहीर चर्चापीठे इंटरनेटवर उभी राहिली होती, ती एकामागून एक ओस पडत गेली आणि तेथील मंडळी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड यांवरील गटांत जाऊन बसली. संभाषण थांबलेले नाही. उलट ते कितीतरी पटींनी वाढले आहे. आटली आहे ती त्यातून मागे उरणारी नोंद. हे का घडले आणि त्यात कोणाचे नुकसान झाले, याचा विचार हौशी मंडळींपुरता मर्यादित नाही. सामान्य माणसाला ज्ञान कोणत्या दाराने मिळते, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

धागा आणि प्रवाह

संगणकावरील अगदी आरंभीच्या जाहीर चर्चापीठांपैकी एक हौशी मंडळींनीच उभारले. १९७८ च्या जानेवारीत शिकागो शहरात प्रचंड हिमवृष्टी झाली. घरी अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी आपल्या संगणक-मंडळाच्या सभासदांसाठी एक सूचनाफलक तयार केला आणि १६ फेब्रुवारीला तो खुला झाला. दूरध्वनीच्या तारेवरून एका वेळी एकाच माणसाला तेथे जाता येई. तो वाचून, लिहून बाहेर पडला की दुसरा आत येई. पाठोपाठ अमेरिकी विद्यापीठांतून यूजनेट निघाले आणि १९८७ च्या पुनर्रचनेत छंद व मनोरंजन यांसाठी त्यात ‘रेक’ नावाचा स्वतंत्र विभागच झाला. १९९६ च्या गणेशचतुर्थीला मायबोली हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले आणि परदेशातील मराठी माणसे पाककृतींपासून गडकोटांच्या भटकंतीपर्यंत सर्व विषयांवर आपल्या भाषेत लिहू लागली. २००४ मध्ये मोटारींची आवड असणाऱ्यांचे टीम-बीएचपी निघाले.

या सर्व ठिकाणांची रचना मुळात एकच होती. प्रत्येक विषयाला एक मथळा. त्या मथळ्याखाली प्रश्न, उत्तरे, प्रत्युत्तरे, आणि प्रत्येकावर लिहिणाऱ्याचे नाव व तारीख. मराठी संकेतस्थळांवर यास ‘धागा’ असे समर्पक नाव मिळाले. धागा पाच वर्षांनीही सापडत असे आणि त्याचे टोक धरून पुढे जाता येत असे. शिक्रा आणि बेसरा हे दोन ससाणे वेगळे कसे ओळखावेत, असा प्रश्न कोणी विचारला, गळ्यावरची मधली काळी रेघ किती ठळक आहे ते पाहा असे कोणी सांगितले, त्यावर तिसऱ्याने छायाचित्रासह शंका काढली आणि चौथ्याने तिचे निरसन केले, म्हणजे चौघांचा वाद होता-होता एक लहानसा पाठ तयार होई. तो वाचणारे पुढे शेकडो निघत आणि त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात एक ओळही लिहिलेली नसे.

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह असा भेद करतात. धरणातील पाणी हा साठा आणि नळातून वाहते ते पाणी हा प्रवाह. जाहीर चर्चापीठावर दिलेले उत्तर हे साठ्यात भर घालणारे भांडवल होते. गप्पांच्या गटातील उत्तर हा प्रवाह आहे. ज्याने ओंजळ पुढे केली त्याची तहान भागते; पाणी पुढे निघून जाते. सकाळी शिक्रा-बेसराचा प्रश्न सुटतो. दुपारपर्यंत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, सहलीचे निरोप आणि फुलांची चित्रे यांचा थर चढतो. चार दिवसांनी दुसरा सभासद तोच प्रश्न पुन्हा विचारतो. नव्याने आलेल्याला तर गटाचा पूर्वेतिहास मिळतच नाही, किंवा मिळालाच तर अलीकडचे काही निरोप तेवढे मिळतात. टेलिग्रामच्या काही जाहीर गटांत जुने निरोप दिसतात हे खरे. पण त्यांना मथळे नसल्याने ते असून नसल्यासारखेच. डिस्कॉर्डसारख्या ठिकाणची चर्चा तर सर्वसाधारण शोधयंत्राच्या टप्प्यातही येत नाही.

दोष केवळ आळसाचा नव्हे

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्तही आहे. लोक आपण होऊन जेथे जातात तेथे त्यांना काही अधिक मिळत असलेच पाहिजे. वस्तुतः तसे मिळतेच. पहिली गोष्ट म्हणजे तत्परता. जंगलात पक्षी समोर बसला असताना उत्तर हवे असते. दोन दिवसांनी आलेले विद्वत्तापूर्ण उत्तर तेव्हा उपयोगाचे नसते. दुसरी गोष्ट सोबतीची. छंद हा निम्मा माहितीचा आणि निम्मा माणसांचा व्यवहार आहे. कट्ट्यावर बसल्याचे सुख धाग्यात नव्हते. तिसरी गोष्ट साधनाची. जुनी चर्चापीठे मेजावरील संगणकासाठी बांधलेली होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर देशात इंटरनेट स्वस्त झाले आणि ज्यांनी संगणक कधी हाताळला नव्हता अशी कोट्यवधी माणसे थेट मोबाइलवरून या जगात आली. त्यांच्या दृष्टीने व्हॉट्सॲप हेच इंटरनेटचे प्रवेशद्वार होते.

चौथे कारण सहसा सांगितले जात नाही, परंतु ते महत्त्वाचे आहे. काही गोष्टी जाहीर सांगणे इष्टही नसते. घुबडाची ढोली किंवा दुर्मिळ पक्ष्याचे घरटे कोठे आहे हे चव्हाट्यावर आले की दुसऱ्याच दिवशी तेथे छायाचित्रकारांची झुंबड उडते. अशा वेळी ओळखीच्या वीस-पंचवीस जणांतच बोलणे हा शहाणपणा ठरतो.

शिवाय जुनी चर्चापीठे काही संतांचे मठ नव्हते. नवख्याने बाळबोध प्रश्न विचारला की ‘आधी जुने धागे शोधा, मग विचारा’ असे फटकारण्याची तेथे रीतच पडली होती. जुन्या सभासदांचे मानापमान होते, कंपूबाजी होती. जाहिरातबाजांचा कचरा रोज उपसावा लागे आणि ते काम करणारे नियंत्रक बिनपगारी असत. गप्पांच्या गटाने ही सारी कटकट एका झटक्यात संपविली, हे मान्य केले पाहिजे.

आधी कोण उठून जातो?

मग प्रश्न असा की, दोन्ही सोयी शेजारी-शेजारी का नांदल्या नाहीत? तातडीचे बोलणे गटात आणि सविस्तर चर्चा धाग्यावर, अशी वाटणी का झाली नाही? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या दोन जुन्या ग्रंथांत सापडते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली असे दाखविले की, ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना फुकट मिळतो ती निर्माण करण्याचा खर्च सोसायला मोठ्या समूहातील व्यक्ती सहसा पुढे येत नाही. जाहीर उत्तराचा लाभ पुढील अनोळखी शंभर वाचकांना होतो. श्रम मात्र एकट्या उत्तर देणाऱ्याचे. गटात उत्तर देणाऱ्याला लगेच आभार मिळतात, ओळख मिळते आणि उत्तर दोन ओळींत भागते. श्रम कमी आणि मोबदला रोख. अशा स्थितीत कोणता शहाणा माणूस धाग्यावर तासभर खर्च करील?

दुसरा ग्रंथ आल्बर्ट हर्शमन यांचा, १९७० सालचा. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की लोकांपुढे दोन मार्ग असतात: तक्रार करणे किंवा निघून जाणे. नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण देऊन हर्शमन यांनी म्हटले की, मालमोटारींचा पर्याय उपलब्ध होताच ज्यांना दर्जाची सर्वाधिक चाड होती ते गिऱ्हाईक आधी निघून गेले. ज्यांच्या आरडाओरड्याने रेल्वे सुधारली असती तेच उरले नाहीत. चर्चापीठांचे नेमके हेच झाले. तेच ते प्रश्न ऐकून कंटाळलेले जाणकार प्रथम उठले आणि त्यांनी आपापले निवडक गट केले. जाणकार गेल्यावर उत्तरे उथळ झाली. उत्तरे उथळ झाल्यावर प्रश्न विचारणारे गेले. आणि विचारणारेच नाहीत म्हटल्यावर उरलेल्या दोन-चार जाणकारांना तरी बसून राहण्याचे कारण काय? ज्याप्रमाणे पाच दुकाने हलली की सारा बाजार हलतो, त्याप्रमाणे हे घडले. यात कोणीही अविचाराने वागले नाही. प्रत्येकाचा निर्णय स्वतःपुरता योग्यच होता. एकत्रित परिणाम मात्र कोणालाच नको होता.

साठाही सुरक्षित नव्हता

गतकाळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जो साठा जमला होता तोही परक्याच्या जागेत होता. भारतातील अनेक शहरांतल्या पक्षिनिरीक्षकांचे पत्रगट याहूवर होते. त्या कंपनीने २०१९ च्या अखेरीस गटांवरील जुना मजकूर काढून टाकण्याचे ठरविले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच बंद केली. २०१७ मध्ये फोटोबकेटने आपल्या अटी बदलल्या. त्यासरशी असंख्य जुन्या धाग्यांतील छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या; ‘चित्रात दाखविल्याप्रमाणे’ हे शब्द राहिले आणि चित्र गेले. १९९८ पासून चालत आलेले डीपीरिव्ह्यू हे छायाचित्रणाचे संकेतस्थळ बंद करण्याचे त्याची मालक असलेल्या ॲमेझॉन कंपनीने २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर केले. दुसरा खरेदीदार मिळाला म्हणून ते वाचले. तरीही एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. चर्चापीठाचा साठा घरमालकाने घालविला तर जातो. गटातील ज्ञान मात्र रोज संध्याकाळी आपोआप जाते, आणि त्यासाठी कोणाची वाईट बुद्धी असावी लागत नाही.

यंत्र सर्व प्रश्नांची उत्तरे देऊ लागले आहे, तेव्हा या जुन्या धाग्यांची चिंता कशाला, असेही आता म्हटले जाते. परंतु या यंत्राला जे येते त्यातील मोठा भाग माणसांनी जाहीरपणे लिहून ठेवलेल्या मजकुरातूनच आलेला आहे. संगणक-लेखनाविषयीच्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळावरील लेखन, २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यानंतरच्या सहा महिन्यांत, ज्या रशियन व चिनी स्थळांच्या वाचकांना हे यंत्र सहज उपलब्ध नव्हते त्यांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. पूर्वजांनी भरलेली कणगी उपसणे चालू आहे आणि नवी पेरणी मात्र बंद दाराआड होत आहे. बियाणे खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी टंचाई जाणवत नाही. ती दुसऱ्या वर्षी जाणवते.

नुकसान कोणाचे?

या साऱ्यात खरे नुकसान होते ते आत नसलेल्याचे. गटात प्रवेश मिळण्यासाठी आतल्या कोणाची तरी ओळख लागते. पुण्या-मुंबईच्या जाणकाराला ती असते. तालुक्याच्या गावातील शिक्षकाला, ज्याला शाळेच्या आवारातील झाडांची नावे मुलांना सांगायची आहेत, किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्याला, ज्याने नुकतीच दुर्बीण उसनी मागून आणली आहे, ती कोठून असणार? जुन्या चर्चापीठावर तो निमूटपणे वर्ष-दोन वर्षे वाचीत राही. कोणाला विचारावे लागत नसे, कोणाचे उपकार नसत, आपले अज्ञान उघडे पडण्याची भीती नसे. वाचता-वाचता तो इतका तयार होई की एके दिवशी स्वतःच उत्तर देऊ लागे. मूक वाचकातून जाणकार घडण्याची ही वाट बंद झाली आहे. ज्ञान पुन्हा ओळखीपाळखीचा, जवळजवळ वशिल्याचा विषय होऊ पाहत आहे. ज्या समाजात विद्येची दारे शतकानुशतके काहींनाच उघडी होती, त्या समाजाने तरी ही गोष्ट क्षुल्लक मानता कामा नये.

काही जण ई-बर्डसारख्या उपक्रमांकडे बोट दाखवितील. २००२ साली सुरू झालेल्या या नोंदसंग्रहात जगभरचे पक्षिनिरीक्षक आपल्या याद्या भरतात आणि त्याचे शास्त्रीय मोल निर्विवाद आहे. परंतु कोणता पक्षी, कोठे, किती, एवढे तेथे उरते. तो शिक्रा नसून बेसरा आहे हे कशावरून ठरले, कोणी शंका घेतली, कोणाचे मत का बदलले, हा वाद गटात होतो आणि तेथेच विरतो. उत्तर जपले जाते, रीत हरवते; आणि शिकणाऱ्याला रीतच हवी असते.

टिपणकार हवा

उपाय काय? गट मोडून लोकांना परत चर्चापीठावर आणणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. कट्टा असावाच. पण कट्ट्याशेजारी दप्तर ठेवता येते, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. २००७ मध्ये इंडियनट्रीपिक्स या नावाने सुरू झालेला आणि पुढे ईफ्लोरा-ऑफ-इंडिया म्हणून ओळखला जाऊ लागलेला वनस्पतिप्रेमींचा गट पाहावा. एकाने झाडाचे छायाचित्र पाठवावे आणि इतरांनी ओळख पटवावी, हा व्यवहार इतर गटांसारखाच. फरक एवढाच की, त्या चर्चा वनस्पतीच्या नावानिशी लावून सर्वांना पाहता येतील अशा ठेवण्याचे कष्ट तेथील मंडळींनी घेतले. टीम-बीएचपीवर सभासदत्वाचे आणि भाषेचे नियम कडक आहेत आणि ते पाळले जातात. सामाईक मालमत्ता वापरणाऱ्यांनी स्वतःच नियम करून ते पाळले तर ती उजाड होत नाही, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी गावोगावची कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून दाखविले आणि २००९ साली त्याबद्दल त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञानाच्या कुरणालाही हाच न्याय लागू आहे.

प्रत्येक गटाला ॲडमिन असतो. तसा एक टिपणकारही असावा. आठवड्यातील पाच-सहा उपयुक्त प्रश्नोत्तरे त्याने निवडावीत, घरट्यांची ठिकाणे आणि खाजगी नावे गाळावीत, ज्यांचे शब्द घ्यावयाचे त्यांची संमती घ्यावी आणि एक पानभर मजकूर कोणालाही वाचता येईल अशा जागी ठेवावा. हे काम पाळीपाळीने आले तर कोणा एकावर भार पडणार नाही. लिहिणाऱ्याचे नाव मात्र ठळक द्यावे. फुकट लाभ घेणाऱ्यांच्या जगात नावलौकिक हाच टिपणकाराचा पगार आहे. वर्षाअखेरीस त्याची एक छापील प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात गेली तर कोणत्याही कंपनीच्या अटी बदलल्या तरी ती कपाटात राहील. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास या विभागांना विद्यार्थ्यांकडून हे काम सहज करून घेता येईल आणि त्यातून विद्यार्थी नेमके लिहायला शिकेल, हा लाभ वेगळाच.

यास फार मोठा पैसा लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही. १८८३ सालच्या त्या आठ गृहस्थांपाशीही हौस आणि शिस्त यांपलीकडे फारसे काही नव्हते. सोसायटीच्या प्रारंभीच्या काळात तिचा संसार फोर्ब्स स्ट्रीटवरील एका मद्यविक्रेत्याच्या दुकानात होता. तेथे किती रंगतदार गप्पा झाल्या असतील याची आज कल्पनाच करावी लागते. कल्पना करावी लागत नाही ती त्यांनी लिहून ठेवलेल्या टिपणांची. तालुक्याच्या गावातील विद्यार्थीसुद्धा ती आज उघडून वाचू शकतो. शंभर वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्याला आजच्या हौशी मंडळींविषयी असे म्हणता यावे, अशी इच्छा असेल तर टिपणवही आजच उघडली पाहिजे.